झाकणाच्या आतली सोनेरी अक्षरं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मी पेटीचं झाकण तिरकं धरून बसलो होतो आणि ती त्याच्यावर गुलाब काढत होती. कल्याणच्या आमच्या दुकानात दारातून ऊन येतं ते सकाळी नऊ ते अकरा. तेवढ्यात रंगकाम उरकायचं. झाकण मी धरायचं, ऊन सरकेल तसं फिरवायचं, हात हलू द्यायचा नाही आणि तोंड बंद ठेवायचं. ही चाकरी मी वीस वर्षं केली. तोंड बंद ठेवायचं मात्र कधी जमलं नाही.

"हलवू नका," ती म्हणाली.

"मी नाय हलत. ऊन हलतंय."

"मग उनाला सांगा."

पाच गुलाब झाले. पानं झाली. एक पान तिनं सोडलं. तिची रीतच होती ती. कुठलीही पेटी त्या दिवशी पुरी करायची नाही, एक पान दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं. मी एकदा विचारलेलं, हे काय खूळ? तर म्हणाली, "सकाळी उठल्यावर हाताला कायतरी पायजे." ब्रश धुतला, फडक्याला पुसला, जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बसली आणि पाणी मागितलं. मी मडक्यातनं तांब्या भरून आणला तेवढ्यात संपलं होतं सगळं. वैद्याला हाक मारायचीही सवड दिली नाही तिनं.

त्याला आता चार महिने झाले. दिवाळी अंकवाले म्हणाले, धंद्यातले अनुभव लिहा. मी मराठी दुसरी शिकलेला माणूस. शेजारच्या मास्तरांनी ह्रस्वदीर्घ बघून दिलं आहे, बाकी बरंवाईट माझं. रडगाणं लिहायला मी बसलेलो नाही. पेट्यांवर लिहा म्हणाले, पेट्यांवर लिहितो. पण पेट्यांवर लिहायचं तर माझ्या बायकोवर, यशोदेवर लिहावं लागतं. त्याला माझा इलाज नाही.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पत्र्याची पेटी म्हणजे काही मोठी विद्या नाही. पत्रा आखायचा, कातरीनं कापायचा, कडा दुमडून एकीत एक अडकवायच्या आणि लाकडी मोगरीनं ठोकून बसवायच्या. झाकणाच्या काठात तार गुंडाळायची, म्हणजे हात कापत नाही. कडी, कोयंडा, दोन बाजूंना दोन मुठी. खालच्या चार कोपऱ्यांना कथील वितळवून डाख द्यायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. हा डाख गिऱ्हाइकाला दिसत नाही. पेटी उलटी करून बघणारं गिऱ्हाईक मला उभ्या आयुष्यात दोनदा भेटलं. पण पेटीचं सगळं इमान त्या चार कोपऱ्यांत असतं. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी मी काय केलं ते पुढे सांगतो.

यशोदा बाळकुमची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. पण आमच्याकडे लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं काढायची असली की सवाष्णींमध्ये पहिली हाक तिला. तोच हात पेटीवर चालला. माझ्या पेट्या आधी नुसत्या हिरव्या. एका भाचीच्या लग्नात तिनं हौसेनं झाकणावर चार गुलाब काढले, आणि लग्नातून परत येईपर्यंत तशा तीन पेट्यांची मागणी हातात. तेव्हापासून पेटी माझी आणि गिऱ्हाईक तिचं. हे मला लवकर कळलं. ते मी तिच्यापुढं कबूल केलं मात्र फार उशिरा.

आता अक्षरांचं.

लढाई संपली तेव्हा पत्र्यावर कंट्रोल होता. नवा पत्रा मिळायचा म्हणजे अर्ज करा, हेलपाटे घाला. पण कल्याणच्या पलीकडे लष्कराचा तळ होता, तिथला माल भंगारात निघाला. त्यात गोऱ्या सोल्जरांच्या बिस्किटांचे डबे होते. चौकोनी, चांगले मोठे, गडद निळा रंग आणि त्यावर सोनेरी अक्षरं. मी हातगाडी भरून आणले. सपाट करून ठोकले. माझ्या पेटीचं झाकण दोन तुकड्यांचं असायचं, आतून त्याचा सांधा दिसायचा आणि तो काही बघण्यासारखा नव्हता. त्या सांध्यावर हा निळा तुकडा मारला. सोनेरी अक्षरं बरोबर मध्ये. झाकण उघडलं की लखकन दिसायची.

काय लिहिलंय ते आम्हाला ठाऊक नव्हतं. विचारावंसंही वाटलं नाही. जरीच्या काठावरची नक्षी काय म्हणते ते कुणी विचारतं का? तशी ती आम्हाला नक्षी. गिऱ्हाइकांना अशी आवडली की लोक मागूच लागले, "ती सोनेरी नक्षीवाली द्या." ठाण्याहून, डोंबिवलीहून माणसं यायची. वर्षभरात डबे संपले, मागणी संपेना. मग यशोदेनं एक तुकडा समोर ठेवून ती अक्षरं ब्रशनं हुबेहूब काढली. वेल काढतात तशी. वेलीला अर्थ नसतो, तसा तिलाही नव्हता.

असं दीडेक वर्ष चाललं.

एकदा मास्तर आपल्या मुलीसाठी पेटी बघायला आले. गुलाब बघितले, खूश झाले. झाकण उघडलं आणि चष्मा सारखा करून वाचलं. मग हसायलाच लागले.

"काय झालं मास्तर?"

"अहो पेटीवाले, हे काय लिहिलंय माहीत आहे का? वर्ल्ड फेमस. म्हणजे जगप्रसिद्ध."

मला तर आनंदच झाला. म्हटलं, वा! "मग चांगलंच आहे की!"

"चांगलं आहे, पण ते बिस्किटांबद्दल आहे. हे विशेषण आहे, विशेषण. विशेषण म्हणजे काय, तर एखाद्या वस्तूबद्दल जास्त माहिती सांगणारा शब्द. काळा घोडा, उंच झाड, तसं जगप्रसिद्ध बिस्कीट."

"म्हणजे इतक्या नवऱ्या मुली आम्ही बिस्किटं म्हणून सासरी धाडल्या," मी म्हणालो. मास्तर पुन्हा हसले. मीही हसलो.

यशोदा हसली नाही. ब्रश हातात तसाच धरून तिनं विचारलं, "मास्तर, माहिती सांगतो म्हणालात. मग ती माहिती खरी पायजे ना?"

"असावी," मास्तर म्हणाले. "पण यशोदाबाई, हा शब्द लोक असाच वापरतात. दाराबाहेर ज्याला कुणी ओळखत नाही तोसुद्धा पाटीवर जगप्रसिद्ध लिहितो. कुणी मनावर घेत नाही."

"जग म्हणजे केवढं?"

मास्तरांनी हात पसरले. "सगळं. समुद्रापलीकडचं, विलायत, आफ्रिका, जपान. तिथल्या माणसांना तुमची पेटी ठाऊक असेल तर ती जगप्रसिद्ध."

त्या दिवसापासून तिनं अक्षरं काढायची बंद केली. मी समजावलं, भांडलो, धंद्याची शपथ घातली. ती एकच म्हणायची. "ठाव नव्हतं तवर ती नक्षी होती. आता कळल्यावर काढली तर खोटं बोलणं झालं. आणि पोरी संसार घालणार त्या पेटीत."

"अगं, गिऱ्हाईक तुटेल!"

"तुटू दे. मी गुलाब कमी करते काय?"

गिऱ्हाईक तुटलंच. सगळं नाही, पण दिसण्याइतकं. बाजारातल्या दुसऱ्या पेटीवाल्यानं आमची अक्षरं उचलली होती. लोक तिकडे जायला लागले. मी धुमसत होतो. बाईमाणसाच्या हट्टापायी धंदा बुडतो की काय, असं मला वाटायला लागलं. आज लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

फाळणी झाली आणि त्या लष्करी तळावर सिंधमधून आलेली माणसं उतरली. बराकीच्या बराकी भरल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसं, त्यांना पहिली गरज पेटीची. दार नाही, कपाट नाही, कुलूप लावायला काहीतरी पाहिजे. छावणीतल्या एका दुकानदारानं बारा पेट्या सांगितल्या आणि बजावलं, आत ती अक्षरं पाहिजेतच. यशोदा तेव्हा भावाच्या आजारपणासाठी बाळकुमला गेलेली. मी ठरवलं, ती यायच्या आत उरकून टाकू.

बारा पेट्या मी एकट्यानं केल्या. अक्षरंही मीच काढली. माझा हात मोगरीचा, ब्रश कुठला चालतोय? एकेका अक्षराला घाम फुटला. पुसायचं, पुन्हा काढायचं. त्यातच दिवस गेले. माल न्यायला गाडी दारात उभी राहिली तेव्हा काही पेट्यांच्या खालच्या कोपऱ्यांना डाख द्यायचा राहिलेला. मी मनाशी म्हटलं, सांधा घट्ट ठोकलाय, चालेल. आत जगप्रसिद्ध लिहिलं आणि खाली कोपरे उघडे ठेवले. वेळ नव्हता म्हणून नाही. वेळ होता, तो मी त्या शब्दावर घालवला होता.

पुढे पावसाळ्यात बराकीत पाणी शिरलं. तिसऱ्या दिवशी एक बाई आमच्या दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. उंच, गोरी, पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेला, आणि डोक्यावर आमची पेटी. तिचं नाव देवीबाई. तिनं पेटी धाडकन फळीवर टाकली, झाकण उघडलं आणि त्या अक्षरांवर बोट आपटलं.

"ये क्या लिखा है? वर्ल्ड फेमस? मेरा लडका पढा है अंग्रेजी! पूरी दुनिया में मशहूर पेटी, और पानी नीचे से अंदर!"

आत तिच्या सिंधमधल्या घराचे कागद होते. त्या कागदांवर सरकार इकडे काहीतरी भरपाई देणार होतं. नवरा वाटेत गेलेला, घर तिकडे राहिलेलं, आणि घर होतं याचा पुरावा म्हणून एवढाच गठ्ठा. तो भिजून लगदा व्हायच्या बेतात. ती ओरडत होती तोवर मला बरं वाटत होतं. मग ती ओरडायची थांबली आणि फळीवर बसून राहिली. तेव्हा मी पेटीचा खालचा कोपरा चाचपला; डाख नव्हता.

यशोदा बाळकुमहून केव्हाच परतली होती, पण त्या बारा पेट्यांचं मी तिला सांगितलं नव्हतं. ती मागून बाहेर आली. अक्षरांकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा. मला म्हणाली, "शेगडी पेटवा. पत्रा द्या, कोरा."

मंद निखाऱ्यावर पत्रा ठेवला. हाताची पाठ टेकवून बघत होती, टेकवता येईल एवढाच ऊबदार. मग ब्रशच्या दांड्याच्या निमुळत्या टोकानं एकेक कागद सोडवला, पाकळी उलगडावी तसा, आणि पत्र्यावर पसरला. घाई नाही. शाई ओघळायला लागली की फडक्याची कड टेकवायची, पुसायचं नाही. देवीबाई आधी लांबून बघत होती. मग शेजारी येऊन बसली आणि सुकलेले कागद हातात घेऊ लागली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. अख्खा दिवस गेला. एक कागद गेला तो गेलाच. बाकी सगळ्यांवरचे शिक्के वाचता येत होते. पुढे तिचं काम त्यांच्यावर झालं, हे मला छावणीत तिच्याच तोंडून कळलं तेव्हा मी देवापुढे नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं छावणीत गेलो. बाकीच्या अकरा पेट्या हुडकून गाडीवर परत आणल्या. मी डाख दिला. तिनं टर्पेंटाइन लावून माझी सगळी अक्षरं खरवडून काढली. अकरावी पेटी पुसल्यावर म्हणाली, "हात वाईट नाय तुमचा. पण वाकडा शब्द सरळ काढून काय उपयोग?"

मी कान धरले. तुझ्या होकाराशिवाय हा शब्द पुन्हा पेटीत घालणार नाही, असा शब्द दिला. मग धीर करून विचारलं, "पण कधीच नाय काय?"

तिनं विचार केला. तशी ती खुळी नव्हती, तिलाही ती सोनेरी अक्षरं आवडायची. म्हणाली, "परक्या मुलखातलं माणूस ज्या दिवशी नाव विचारत आपल्या दारात येईल, त्या दिवशी बघू."

मग मी वाट बघायला लागलो. हसू येईल तुम्हाला, पण दारात कुणी अनोळखी दिसलं की मी विचारायचो, आपण कुठले? बहुतेक जण भिवंडीचे निघायचे.

एकदा वाटलं, झालं. ठाण्याच्या ख्रिस्ती वाडीतला पास्कू बोटीवर खलाशी होता. आमची पेटी घेऊन गेला आणि तीन वर्षांनी तीच पेटी घेऊन कडी बदलायला आला. पेटीवर बंदराबंदरांच्या चिठ्ठ्या डकवलेल्या. एडन, मोंबासा, लंडन. गुलाब चिठ्ठ्यांखाली दडलेले, पण रंग शाबूत. कोपरे कोरडे. मी पेटी यशोदेपुढे नाचवली.

"बघ! अख्खी दुनिया बघून आली ही!"

तिनं चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाली, "हिनं दुनिया बघितली, खरं. पण दुनियेनं हिला बघितलं काय? पास्कू, तुला कुणी विचारलं, ही पेटी कुठली म्हणून?"

पास्कू प्रामाणिक माणूस. डोकं खाजवत म्हणाला, "नाय मावशी. लंडनमध्ये एकानं विचारलं, ही बाजूला ठेवशील काय, वाटेत हाय."

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मला राग आलेला. पण तिचं ते हसणं आज मला फुकटात मिळालेल्या ठेव्यासारखं वाटतं. पास्कूची कडी मी बदलून दिली, चिठ्ठ्या तशाच ठेवल्या.

असे दिवस गेले. अक्षरांवाचून धंदा बुडाला नाही. हळूहळू लोक पेटी उलटी करून कोपरे बघायला शिकले, कारण यशोदा प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः उलटी करून दाखवायची. वरून पाणी ओतून दाखवायची. बाजारातल्या दुसऱ्या पेटीवाल्याला शेवटी डाख द्यावा लागला, तो मला शिव्या घालायचा. त्या शिव्यांचाही मी ऋणी आहे.

शेवटची पेटी बाळकुमच्या काशीबाईच्या मुलीची. लग्न आठवड्यावर आलेलं. मुलीच्या आत्याकडे आमची जुनी, डब्याच्या पत्र्याची पेटी होती. मुलीनं हट्ट धरला की मला तशीच सोनेरी अक्षरं पाहिजेत. काशीबाई सांगायला आली तर यशोदा म्हणाली, "अक्षरं नाय गं. एक गुलाब जास्त काढते." म्हणून चारच्या जागी पाच.

ती गेली त्या दुपारी कल्याणच्या बाजारात बातमी कशी फिरली मला माहीत नाही. मी दारात बसलो होतो. बायका यायला लागल्या. कुंकू लावून, पाया पडून जात होत्या, कारण ती सवाष्ण गेली होती. काही ओळखीच्या, पुष्कळशा अनोळखी. प्रत्येकीच्या घरी पेटी असावी असा माझा अंदाज. पास्कूची आई ठाण्याहून बसनं आली. गर्दीच्या मागे कुणीतरी मोठ्यानं विचारत होतं, "पेटीवाली यशोदाबाई का घर कौन सा है? यशोदाबाई का?"

देवीबाई. आता म्हातारी झालेली, काठी टेकत. आधी एकदाच तर आलेली ती, दहा वर्षांपूर्वी. बाजार बदललेला, तिला घर सापडेना. ज्या मुलखातून ती आली तो आता दुसरा देश आहे. मी उठून उभा राहिलो. परक्या मुलखातलं माणूस नाव विचारत दारात आलं होतं. मी मागे वळलो, तिला सांगायला. तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन दारातून आत आलं. सुतकात कामाला हात लावू नये म्हणतात. माझ्या भावजयीनं तसं सांगितलंही. मी काशीबाईची पेटी उनात ओढली. झाकण उघडलं. आतली जागा कोरी होती, निळा रंग दिलेली. सोनेरी रंगाची डबी फळीवर होती. मी ती उघडलीसुद्धा. अट पुरी झाली होती, आता मला कुणी खोटं पाडलं नसतं. पण होकार तिचा घ्यायचा होता, आणि ज्या माणसाला विचारायचं ते नव्हतं. मी डबी बंद केली. झाकणही बंद केलं.

मग राहिलेल्या पानाची जागा दिसली.

झाकण धरायला कुणी नव्हतं म्हणून विटांवर टेकवलं. हिरवा रंग घेतला. तिचा ब्रश अजून ओलसर होता. पान काढलं. ते सरळ आलं नाही, एका बाजूनं फुगलं. पुसून पुन्हा काढावंसं वाटलं, पण पुसलं नाही. त्यानंतर पेटी उलटी करून चारही कोपरे बघितले.

दहाच्या सुमाराला काशीबाई आली. दारातच थांबली. म्हणाली, "माझ्या सासूनं धाडलंय. म्हणाली, भरल्या कपाळानं गेली, तिच्या हातची पेटी पोरीला लाभेल, घेऊन ये. देता काय?"

"ने," मी म्हणालो. "रंग ओला हाय एका जागी, हात लावू नको."

ती वाकून बघू लागली. गुलाब बघितले, एकेक करून. मग तिचं बोट त्या पानाच्या वरच थांबलं.

"हे पान कुणी काढलं?"

"मी."

"दिसतंय," ती म्हणाली, आणि डोळे पुसून तिनं एका बाजूची मूठ धरली. दुसऱ्या बाजूची मी धरली आणि आम्ही पेटी उनातून उचलून गाडीवर ठेवली.